चाखलेला खार आणि अर्ध्या गोळ्या

ही वही माझ्या मुलीची, ज्योतीची आहे, बारावीच्या भूगोलाची. पुढची पानं तिच्या अक्षराने भरलेली आहेत, मागची कोरी होती ती मी घेतली. माझं शिक्षण चौथी. अक्षर मोठं आहे आणि ओळ वर चढत जाते, पण वाचता येतं.

गेल्या महिन्यात धुळ्याकडच्या माझ्या भावाच्या बायकोला, वहिनीला, प्रेशर निघालं. भावाने निरोप पाठवला, ताईला विचारा, तिला यातलं सगळं माहीत आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही. दोघांतसुद्धा नीट येत नाही. समोरचा माणूस माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो आणि मी हो म्हणते. म्हणून लिहिते. वहिनीला ही वही देईन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

वहिनी, पहिली गोष्ट ही की आता प्रत्येक माणूस तुम्हाला औषध सांगेल. लसणाच्या सात पाकळ्या उपाशीपोटी खा. दुधीचा रस घ्या. तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्या. उताणं झोपू नका. डावीकडे झोपू नका. शेवटी सगळे मिळून सांगतील, मनाला लावून घेऊ नका, हसत राहा. हे मला एकदा आमच्या घरी खताची पोती उतरवायला आलेल्या माणसाने सांगितलं. त्याला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि आत निघून आले. हसत राहा!

*

मला प्रेशर आहे हे कोणी शोधायला गेलं नव्हतं.

आमचं गाव पहूरपासून चार मैलांवर. दिवाळीनंतर सासूबाईंचे गुडघे धरले. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. त्यांना घेऊन मी पहूरच्या डॉक्टरांकडे गेले होते. अक्कांना सुई दिली, आणि उठायला वेळ लागणार म्हणून डॉक्टर म्हणाले, "बसल्याबसल्या तुमचंही बघून घेऊ." त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या. मग पट्टा सोडून परत बांधला. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही चोरलं आहे.

"डोकं दुखतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. दुखायचं, पण डोकं कोणाचं दुखत नाही?

"वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा. गोळी चालू करावी लागेल. रोज. मीठ बंद."

अक्का पलंगावरून उठून बसल्या. "हिले कायचं परेशर? हिच्या तोंडातून शब्द निंघत नाही! परेशर व्हतं त मले व्हयाले पायजे. मी दिवसभर वरडते."

डॉक्टर हसले. कंपाउंडरही हसला. मी पण हसले, कारण सगळे हसत होते.

घरी आल्यावर तेच झालं. आमच्याकडे प्रेशर हा तापट माणसाचा रोग. पाटील, सावकार, पुढारी, मोठे जावई यांना तो शोभतो. न बोलणाऱ्या बाईला प्रेशर म्हणजे डॉक्टरचं मशीन बिघडलेलं. आमच्या घरचे, म्हणजे ज्योतीचे बाबा, दोन दिवस मला निरखत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुले काही राग येतो का माझा?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मंग?"

मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

*

खरी भीती मी कोणाला सांगितली नाही. ती इथे लिहिते.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात माझ्या आईला अर्धांग झालं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळीच गेली. ती चूल पेटवायला बसली होती, तिथेच कलंडली. पाचवीची शाळा शेजारच्या गावी होती. गुरुजी घरी विचारायला आले, मुलगी हुशार आहे, पाठवा. वडिलांनी आईकडे बोट दाखवलं. गुरुजी चहा पिऊन गेले. त्यानंतर लग्न होईपर्यंत, सहा वर्षं, मी आईला उठवलं, बसवलं, भरवलं, धुतलं. मला कोणी बळजबरी केली नाही आणि कोणी विचारलंही नाही. घरात मुलगी होती, म्हणून झालं.

आई माझ्याकडे बघून रडायची. मला तेव्हा वाटायचं तिला दुखतं आहे. आता मला कळतं ती का रडायची.

आणि माझ्या घरात ज्योती होती, बारावीला. तिला डीएड करून मास्तरीण व्हायचं होतं. पहूरहून परत येताना एसटीत अक्का गुडघा धरून बसल्या होत्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी पडले तर ज्योती घरी बसेल.

*

एक पांढरी गोळी सुरू झाली. महिन्याने प्रेशर तेवढंच. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. होळीच्या सुमारास आणखी वाढवली. मला दिवसभर गुंगी येई. पावलं सुजून चपलेत मावेनाशी झाली. चुलीपुढून उठले की डोळ्यांपुढे काळं. दुपारी पाच मिनिटं भिंतीला टेकले तर अक्का म्हणायच्या, "गोया खाऊन खाऊन आयशी झाली." आळशी, म्हणजे मी.

मिठाचं मी मनापासून पाळलं. माझी भाजी आधी काढून ठेवायची, मग बाकीच्यांच्या भाजीत मीठ घालायचं. लोणचं बंद, ठेचा बंद, भाकरीच्या पिठातही मीठ नाही. अळणी वांग्याची भाजी रोज खाल्ल्यावर माणसाला जगण्याचा कंटाळा येतो, हे मी खोटं सांगत नाही. आणि होळीनंतर डॉक्टर दर वेळी पट्टा सोडत म्हणायचे, "मीठ खाता तुम्ही."

"नाही खात."

"खाता. मशीन खोटं बोलत नाही."

म्हणजे मी खोटं बोलते. अक्का शेजारी बसून मान डोलवायच्या. घरी येऊन त्यांनी मिठाची बरणी आपल्या पलंगाखाली ठेवली! मी देवाची शपथ घेतली तरी कोणाला पटलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरा राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळलं नाही. मी वाटण वाटलं. गरज नसताना दोनदा वाटलं.

*

आता मी कशी मूर्ख ठरले ते सांगते.

होळी झाली की आमच्या गल्लीत पापडांचे दिवस सुरू होतात, ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, चालतात. आज या घरी, उद्या त्या घरी. उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया. बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. कोणी पीठ कुटायचं, कोणी लाट्या तोडायच्या, कोणी लाटायचं, म्हातारीने खाटेवर वाळत घालायचं, हे सगळं ठरलेलं असतं. माझं कामही ठरलेलं. पीठ भिजवण्याआधी खाराचं पाणी चाखायचं.

पापडखार आणि मीठ पाण्यात उकळतात. जास्त झालं तर पापड लाल होतो, कमी झालं तर फुलत नाही. ते वजनाने जमत नाही, कारण खार दर वर्षी वेगळा निघतो. माझ्या जिभेला ते कळतं. कसं कळतं ते मला माहीत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा मी हळूच म्हटलं, थोडं कमी आहे, आणि ते खरं निघालं. तेव्हापासून समोरच्या सिंधूबाई भल्या सकाळी दारात उभ्या राहून हाक मारतात, "विमलवहिनी! या बरं. तुमच्या जिभेबिगर आम्ही पीठ भिजवत नाही."

या गावात माझ्या बोलण्याची कोणी वाट बघत नाही. फक्त खाराच्या वेळी सगळ्या बाया गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघतात. मी "बरोबर आहे" म्हटलं की कामाला लागतात. वर्षातले हे पाच-सहा आठवडे मला आवडायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

खाराचं पाणी चाखायचं, मग पीठ मळल्यावर एकदा, कुटल्यावर एकदा. मग लाट्या होतात. त्या तेलात बुडवून सगळ्या जणी खातात, लाटता लाटता, गप्पा मारता मारता. ज्या घरी बिबड्या, तिथे गरम चीक, शिजवलेलं खारट पीठ, वाटीत. मग घरी येऊन मी माझी अळणी भाजी खायची.

चाखणं कोणी जेवणात धरतं का? लाट्या खाणं म्हणजे काय जेवण आहे? जेवण म्हणजे ताटावर बसून खातो ते. मीठ बंद म्हणजे ताटातलं मीठ बंद. मी असंच समजले, आणि गल्लीतल्या चौदा घरांतल्या चौदा बायांना माझं प्रेशर माहीत असून एकीच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. सिंधूबाई तर मला जास्तीच्या लाट्या द्यायच्या. "खा वहिनी, घरी बिचारीले अयनी खावं लागते."

*

आखाजीला मी माहेरी निघाले. ज्योती सोबत होती, तिची परीक्षा होऊन गेली होती. गोळ्यांची पुडी पिशवीत घालताना अक्कांनी पाहिलं.

"माहेरी पुड्या घिऊन चालली? लोक म्हनतीन सासरी पोरीले दुखनं लावलं. चार दिवस नाही खाल्ल्या त मरत नाही कोनी."

मी पुडी परत फळीवर ठेवली. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. सुजलेले पाय घेऊन माहेरी जायचं नव्हतं, आणि भावाने विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. गोळी आपल्या मनाने अशी एकदम सोडायची नसते, हे मला तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं. वहिनी, तुम्ही हे लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

भेट म्हणून मी दोन डबे नेले. एकात पापड, दुसऱ्यात लाट्या, खास तुमच्यासाठी. तिथे त्या आपण दोघींनीच संपवत आणल्या, आठवतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या अंगणात मुलींचा झोका बघत उभी होते. नाकातून रक्त आलं. पदर लावला तर पदर भिजला. डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि जीभ जड झाली. मी "ज्योती" म्हणायला गेले आणि ते नीट निघालं नाही.

आईची वाचा अशीच गेली होती.

तुम्ही धावत आलात. "ताई! काय व्हयनं व माय? बठ्ठं आंग गार पडनं!" तुम्ही मला मांडीवर घेतलंत. भाऊ जीप आणायला पळाला. मला ऐकू येत होतं, दिसत होतं. समोर ज्योती उभी होती, माझ्याकडे बघत. मी तिच्याकडे बघत होते. आणि मी रडत होते. तिला वाटलं असणार, आईला दुखतं आहे.

*

धुळ्याच्या दवाखान्यात पाच दिवस होते. अर्धांग झालं नव्हतं. काठावरून परत आले, असं तिथले डॉक्टर म्हणाले. प्रेशर दोनशे वीस होतं. जीभ दुपारपर्यंत मोकळी झाली. मी दिवसभर हळूहळू पुटपुटत राहिले, एक, दोन, तीन, चार, पाढे, देवांची नावं, काहीही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बाई भलती बोलकी शे!" जन्मात मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिथलं रोजचं असं. सकाळी झाडणारी मावशी यायची आणि सगळ्यांना उठवायची, झोपलेल्याला आधी. मग चहा, तोही स्टीलच्या जगमधून, कोमट. मग पट्टा. मग डॉक्टर येणार येणार म्हणून सगळ्या बाया पदर नीट करून बसायच्या, आणि ते दोन तासांनी यायचे. जेवणात वरणभात, अळणी. पण एक गोष्ट मावशीने केली, ती मी विसरणार नाही. माझ्या केसांत रक्त वाळून चिकटलं होतं. तिने न सांगता कोमट पाण्याने ते धुतलं, तेल लावून वेणी घातली आणि म्हणाली, "आते दिसस माणूस." मी तिला काही देऊ शकले नाही. तिचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

डॉक्टर चष्मा लावणारे, हळू बोलणारे होते. ते पट्टा लगेच बांधत नसत. आधी खाटेवर टेकून बसवायचे, पाच मिनिटं बोलू द्यायचे नाहीत, मग मोजायचे. मोजून झालं की थोड्या वेळाने पुन्हा. चालून आलेल्या, घाबरलेल्या माणसाचं प्रेशर खरं कळत नाही, म्हणायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मीठ किती खाता?"

मी म्हटलं, "बंद आहे." आणि मनात म्हटलं, आता हेही म्हणतील खाता.

ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा. पाणीसुद्धा."

मी चहा सांगितला, भाकरी सांगितली, भाजी सांगितली. तेवढ्यात वहिनी, तुम्ही डबा घेऊन आलात, आणि माझ्या तोंडाला चव यावी म्हणून उरलेल्या चार लाट्या खाटेवर ठेवल्यात. डॉक्टरांनी एक उचलली आणि जिभेला लावली. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"हे काय आहे?"

"लाट्या. पापडाच्या."

"हे खाता?"

"खात नाही. लाटताना एखादी. आणि चाखते."

"किती घरी?"

ज्योती पायाशी बसली होती. ती बोटं मोजायला लागली. सिंधूबाईंकडे दोनदा, कारण त्यांचे जावयाकडचेही होते. चौदा घरं, एकेका घरी तीन वेळा चाखणं, त्यावर लाट्या, त्यावर चीक. मोजता मोजता तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाटेखाली जावंसं वाटलं.

"आई," ती म्हणाली, "तू तर बरणीभर मीठ खाल्लंस."

पहूरच्या डॉक्टरांचं मशीन खरं होतं. मीही खरी होते. त्या दोन खऱ्यांत माझा जीव जाणार होता.

*

धुळ्याच्या डॉक्टरांनी ती मोठी गोळी काढून टाकली आणि तीन लिहून दिल्या, तिन्ही थोड्याथोड्या. एक पिवळी, लहानच. एक पांढरी, अर्धी. एक गुलाबी, तीही अर्धी. म्हणाले, "एकच गोळी वाढवत नेली की प्रेशर थोडंसंच उतरतं, पण तिचा त्रास मात्र वाढत जातो. तिघींनी थोडंथोडं काम केलं तर कोणावरच ताण येत नाही."

हे मला लगेच कळलं. एकट्या बाईला पाच किलोचे पापड करायला लावले तर ती मोडते आणि पापडही धड होत नाहीत. एक कुटते, एक तोडते, एक लाटते, म्हणून तर होतं. मला कळलं, पण घरी कोणाला कळवायचं?

अक्का उंबऱ्यातच होत्या. ज्योतीने पुड्या दाखवल्या.

"तीन? आधी एक व्हती. एकाच्या तीन झाल्या म्हंजे संपलंच की!"

"अक्का, अर्ध्या आहेत."

"अर्ध्या काऊन? पुऱ्या द्याले डॉक्टरले काय झालं? अर्ध्या गोयीनं अर्धाच रोग जाईन ना!"

तीन म्हणजे जास्त आणि अर्धी म्हणजे कमी, ही दोन्ही दुःखं त्यांनी एकाच दिवशी गल्लीभर सांगितली. गल्लीही तशीच. बाया मला बघायला यायच्या, खाटेवर टेकायच्या आणि कोणत्या कोणत्या बाईला तीन गोळ्या होत्या आणि ती कशी गेली ते सांगायच्या. चहा मीच करायचा.

गोळी अर्धी करणं हेही एक नाटक. अक्कांच्या अडकित्त्याने फोडली तर एक तुकडा चुलीत आणि एक भुगा. सुरीने फोडली तर तीन तुकडे. शेवटी ज्योतीने पेन्सिल तासायच्या पात्याने जमवलं. आणि एके दिवशी मी बघते तर ज्योतीचे बाबा ओसरीवर बसून भाताच्या शिताने तीन रिकाम्या काडेपेट्या एकमेकींना चिकटवत होते. एकीवर पिवळा कागद, एकीवर गुलाबी, एक तशीच. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मिसळू नको." बास, तेवढंच. मी तो खोका अजून वापरते. काडेपेट्या दोनदा बदलल्या.

*

पण त्याच ओसरीवर त्यांनी दुसरंही ऐकून घेतलं. अक्का म्हणाल्या, "ज्योतीले घरी राहू दे. माय अशी, उद्या पडली त पाहीन कोन? मह्याच्यानं व्हत नाही. पोरगी हाये घरात."

पोरगी आहे घरात. अगदी तेच शब्द. फक्त या वेळी ते माझ्या पोरीसाठी होते.

ज्योतीचे बाबा आईपुढे उलटून बोलत नाहीत. ते म्हणाले, "डीएडची यादी लागेलोग पाहू. तोलोग हिचं परेशर ठिकान्यावर आलं त जाईन. नाही त नाही."

म्हणजे यादी लागेपर्यंत माझ्या दंडावरच्या पट्ट्यावर पोरीचं शिक्षण टांगलं! ज्योती रोज सकाळी पेल्यात पाणी आणि हातावर तीन गोळ्या ठेवायची आणि मी गिळेपर्यंत उभी राहायची. मी चाखणं सोडलं. मागे राहिलेल्या पापडांसाठी सिंधूबाई दारात आल्या, तर मी आतून म्हटलं, बरं नाही. अडीच महिने मी आईशप्पथ काहीही खारट तोंडात घातलं नाही. पावलांची सूज गेली. गुंगी गेली. मी दुपारी कपडे धुऊन वर शेतात जाऊन यायचे.

बारावीचा निकाल लागला. मग यादी लागली. ज्योतीचं नाव धुळ्याला होतं. चार दिवसांत जायचं होतं.

*

पहूरला आम्ही तिघं गेलो, मी, अक्का आणि ज्योतीचे बाबा. एसटीत उभं राहून, मग स्टँडपासून उन्हात चालत. आत गेल्यावर डॉक्टरांनी धुळ्याची चिठ्ठी वाचली. "तीन तीन गोळ्या? ही काय भेळ केली आहे?" म्हणाले आणि लगेच पट्टा बांधला. अक्का माझ्या शेजारी बसून पट्ट्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यातून साप निघणार आहे. माझं काळीज कानात वाजत होतं.

"एकशे अडुसष्ट," डॉक्टर म्हणाले. "बघा. मी सांगत होतो. जुनीच गोळी चालू करू."

अक्का म्हणाल्या, "मी सांगत व्हती ना."

ज्योतीचे बाबा दारात उभे होते. ते बाहेर रस्त्याकडे बघायला लागले. म्हणजे झालं. निकाल लागला. मी उठून पदर नीट केला, नेहमीसारखी. आणि मग मला ते गुरुजी आठवले, चहा पिऊन गेलेले. त्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघत होते. मला बोलायचं होतं आणि मी बोलले नव्हते.

मी परत बसले.

"डॉक्टर, पुन्हा मोजा."

"अहो, मोजलं आत्ताच."

"मी चालून आले आहे. मला पाच मिनिटं बसू द्या. कोणी बोलू नका. मग मोजा. धुळ्याचे डॉक्टर तसंच मोजत होते." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "आणि अक्का, तुम्ही बाहेर बसा."

"काय म्हने ही?"

"बाहेर बसा, अक्का. तुम्ही शेजारी असल्या की माझं चढतं."

कंपाउंडरच्या हातातली बाटली तशीच राहिली. अक्का उठेनात. मग ज्योतीच्या बाबांनी दारातूनच म्हटलं, "चाल माय." त्या त्यांच्या हाताला धरून गेल्या. त्यांचा गुडघा दुखत होता, ते मला दिसत होतं. तरी मी म्हटलं नाही, राहू द्या.

डॉक्टर घड्याळ बघत बसले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग त्यांनी पट्टा बांधला. सोडला. परत बांधला.

"हं," ते म्हणाले. "एकशे छत्तीस. खालचं चौऱ्याऐंशी." आणि थोड्या वेळाने, कागदावर लिहीत, "याच चालू ठेवा."

तो कागद मी घडी करून ज्योतीच्या बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला नाही, खिशात घातला. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "ज्योतीची पेटी कोनती न्यायची? लोखंडी का ती निळी?"

अक्का माझ्याशी बावीस दिवस बोलल्या नाहीत. खरं सांगू? ते बावीस दिवस माझं डोकं एकदाही दुखलं नाही.

*

याला वर्ष होत आलं. ज्योती धुळ्याला आहे, पुढच्या वर्षी तिचं संपेल. तिचं पोस्टकार्ड येतं. त्यात खुशाली नंतर असते, आधी गोळ्या विचारते. मी उत्तर लिहिते, घेतल्या. ती लिहिते, खरं सांग. सगळ्यांसारखं आता पोरगीही मला असंच विचारते!

वहिनी, तुम्हालाही तीन गोळ्या दिल्या तर घाबरू नका. अर्धी दिली तर हलकी समजू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुरीची अर्धी करू नका. माहेरी, लग्नाला, देवाला, कुठेही गेलात तरी बरोबर न्या. पट्टा बांधायच्या आधी बसायला मागा. लाज वाटेल, तरी मागा. आणि तोंडात जे जातं ते सगळं जेवण आहे.

यंदाही होळीनंतर आमच्या गल्लीत उडदाचे पापड झाले. पहिल्या दिवशी सिंधूबाई सकाळीच वाटी घेऊन दारात आल्या. "वहिनी, नुसती जीभ लावा. गियू नका." मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मंग कसं व्हईन?" मी म्हटलं, "मला विचारू नका."

पापड खारट झालेत म्हणे. चौदाही घरचे. बाया माझं नाव घेऊन बोलतात. खारट झाले की नाही, मला माहीत नाही.